भूपातला मध्यम

माझ्या बहिणीचा गाता आवाज गेला त्याला माझे कान जबाबदार आहेत, असं मी म्हटलं की ज्योत्स्ना रागावते. ती माझी बायको. तिचं म्हणणं असं की आवाज आजाराने गेला, कानांनी नाही. आणि जगातली प्रत्येक चूक आपल्या डोक्यावर घेऊन मिरवायची मला हौसच आहे. हौस आहे, हे खरं. पण झालं काय ते मी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

मी साताऱ्याला राहतो. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं इंजिनिअर होतो. वैजूताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, कुडाळला असते. भाऊजी गेल्यापासून एकटीच राहते आणि गाणं शिकवते. आमचे वडीलही गाणं शिकवायचे. गळा ताईला मिळाला, कान मला, आणि अक्कल दोघांनाही नाही, असं आई म्हणायची. वडिलांचा एक नियम होता. घरात कोणी गायलं की ऐकणाऱ्याने एक खोट सांगायची. वाहवा करायला अख्खं गाव आहे, घरच्याने खोट सांगावी. एकच, पण खरी. नसेल तर नाही म्हणावं, ओढूनताणून काढू नये. हा नियम बाकी सगळे विसरले. ताई आणि मी मात्र तो पन्नास वर्षं पाळत आलो. तिच्या लग्नात तिने उखाणा गाऊन घेतला, तेव्हाही मंडपातून उठून मी तिला शेवटचा सूर चढा लागल्याचं सांगून आलो होतो. भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताईने मात्र मान डोलावली होती.

गेली अकरा वर्षं ताई 'स्वरवेळ' नावाच्या इंटरनेट रेडिओवर गाते. दर गुरुवारी संध्याकाळी सात ते पावणेआठ, थेट, स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीतून. रेडिओचं ऑफिस सावंतवाडीला, माणसं तीन. ऐकणारे मात्र पणजीपासून टोरांटोपर्यंत. पावणेआठला कार्यक्रम संपायचा, आठ वाजता ताईचा फोन यायचा आणि ती एकच शब्द बोलायची, "सांग." मग मी खोट सांगायची. ती कधी हो म्हणायची, कधी भांडायची. भांडून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून बरोबर होतं तुझं, म्हणायची.

आता खोट काढायची तर आवाज नीट पोचायला हवा. त्यासाठी मी जे जे केलं ते ज्योत्स्नाच्या तोंडून ऐकावं. हॉलमध्ये सागवानी पेट्यांमधले दोन कमरेएवढे स्पीकर आहेत. अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः जोडलेला आहे. स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर हवेत याच्या खुणा फरशीवर चिकटपट्टीने केलेल्या आहेत, आणि केर काढताना त्या हलल्या तर घरात वाद होतात. भिंतींचा घुमारा जाण्यासाठी जाड पडदे लावले, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो. या घरात माणसाला बसायला जागा नाही, आवाजाला आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. नाकाने कांदे सोलणारा माणूस म्हणून आमच्या गल्लीत माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टाने मिळवलेली आहे.

एवढं करूनही दुखणं एकच होतं, आणि ते माझ्या घरात नव्हतं. कुडाळहून इथवर आवाज येताना वाटेत मार खायचा. ताई आलापात असताना मध्येच दोन सेकंद शांतता. तान अर्ध्यात तुटायची. तंबोरा पाण्यात बुडाल्यासारखा यायचा. मग गेल्या कार्तिकात 'स्वरवेळ'ने आपल्या जुन्या श्रोत्यांना नवी पेटी दिली. तिचं नाव 'अनुनाद'. जेवणाच्या डब्याएवढी, काळी, पुढे एकच बटण. एक पेटी गाणाऱ्याच्या घरी, एक ऐकणाऱ्याच्या.

या पेटीत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती चांगली टिपायची तर सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजावी लागते, तीही दोन्ही कानांसाठी वेगवेगळी. इतके आकडे थेट, न अडखळता आणायचे तर वाट रुंद लागते. वाट अरुंद असली की सामान कमी करावं लागतं. जुनी युक्ती अशी होती की माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही ते गाळायचं आणि उरलेलं पाठवायचं. अनुनादमध्ये आवाज पाठवतच नाहीत, त्याचं वर्णन पाठवतात. गायिका कोण, सूर कोणता, जोर किती, एका सुरावरून दुसऱ्यावर कशी गेली, मागे तंबोरा कसा लागलाय, एवढंच. सेकंदाला चार ओळी होतील इतका मजकूर. तो वाचून आवाज इथे, आपल्या घरातल्या पेटीत नव्याने तयार होतो. त्या गायिकेची वर्षानुवर्षांची ध्वनिमुद्रणं पेटीने आधीच पचवलेली असतात, त्यामुळे वर्णनात जे नसतं ते ती आठवणीतून भरते. पूर्वी आई एसटीने लाडवांचा डबा पाठवायची आणि रस्त्यात चार लाडू फुटायचे. आता आई कृती सांगते आणि लाडू इथेच वळले जातात, एकही फुटत नाही. मी न फुटलेले लाडू बघून खूश झालो. ते कोणाच्या हातचे, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात तो आला नाही.

पहिल्या गुरुवारी ताई पूरिया गायली आणि मी खुर्चीतून हललो नाही. ती हॉलमध्ये होती. दोन स्पीकरांच्या मधे, जमिनीपासून तीन फुटांवर, मांडी घालून बसलेली. तंबोऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू येत होती. ज्योत्स्नासुद्धा हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली, आणि अशी दाद तिने याआधी दोन हजार बावीस साली दिली होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज इतका निर्मळ येत होता की माझे डोळे भरून आले.

अनुनादला आणखी एक सोय होती. कार्यक्रम संपला की त्याच पेटीवरून गाणाऱ्याशी बोलता यायचं. मग फोन कशाला करायचा? त्या दिवशी आठ वाजता ताई पेटीतूनच म्हणाली, "सांग." मी सांगितलं की आज काही नाही. ती बरं म्हणाली.

पुढच्या गुरुवारीही काही नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. मी वही काढून, डोळे मिटून, कान टवकारून बसत होतो. खोट सापडत नव्हती, आणि ओढूनताणून काढायची नाही हा तर नियमच. ताईला आता तिच्या गाण्याचं शिखर सापडलं आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि तो भेटेल त्याला सांगत सुटलो. दिवाळीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कुडाळला जाणं झालं नाही. गुडघा फाल्गुनात बरा झाला तरी गेलो नाही. दर गुरुवारी ती माझ्या हॉलमध्ये येऊन बसत होती, मग घाट उतरून जायची गरज कुणाला वाटेल?

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ती भूप गायली. भूप पाच सुरांचा राग. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. नाहीत म्हणजे अजिबात नाहीत; एकादशीच्या फराळात कांदा नसतो तसे. शिकायला लागलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात हे सांगतात. त्या दिवशीचा भूप इतका शांत आणि भरीव होता की पेटीतून तिचा आवाज येण्याआधीच मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, ताई, आजपर्यंतचा तुझा सगळ्यात चांगला भूप. एका सुरालाही बोट लावायला जागा नाही.

मग ती म्हणाली, "नीट ऐकलंस?"

मी म्हटलं, अगदी नीट.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि पेटीवरचा दिवा विझला.

पुढच्या गुरुवारी ती गायली, पण आठ वाजता बोलली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. फोन केला तर उचलेना. निरोप पाठवले तर वाचल्याची खूण यायची, उत्तर यायचं नाही. आता मलाही राग आला. कौतुक केलं म्हणून कुणी रुसतं का? ज्योत्स्ना म्हणाली, गाडीत बसा आणि जाऊन विचारा. मी म्हटलं, मी का जाऊ, माझं काय चुकलं? ती म्हणाली की ते कळायलाच तर जायचं.

जायचं नव्हतं म्हणून मी पेटीशी खेळत बसलो. जुनी खोड आहे, मन थाऱ्यावर नसलं की मी तारा मोजतो. पेटीत दर सेकंदाला किती माहिती येते ते बघण्याची सोय होती आणि मी ती इतक्या महिन्यांत एकदाही बघितली नव्हती. बघितलं आणि पुन्हा बघितलं. पूर्वी तारायंत्रावरून पाठवायचो तेवढीशी माहिती. एवढ्यात माणसाचा आवाज मावत नाही. नावगाव मावतं फार तर.

मी 'स्वरवेळ'च्या अन्वर मुजावरला फोन लावला. रेडिओची सगळी यंत्रं तोच सांभाळतो. चाळिशीचा, शांत, हुशार माणूस, आणि मला काका म्हणतो. मी विचारलं, कुडाळच्या बाजूला वाट इतकी अरुंद झाल्यावर पेटी करते तरी काय? त्याने न लपवता सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. वर्णन जितकं तोकडं, तितकी पेटी आठवणीवर जास्त विसंबते. बाईंच्या आवाजाची आठवण तिने पन्नाशीतल्या ध्वनिमुद्रणांवरून घेतली आहे, कारण तीच सर्वात स्वच्छ होती. घसा खरखरला तर ती त्याला माइकचा दोष समजून बाजूला काढते. आणि एखादा सूर नक्की कळला नाही, तर त्या रागात जो सूर असण्याचा संभव जास्त तो लावते.

"आणि रागात नसलेला सूर एखाद्याने मुद्दाम लावला तर?" मी विचारलं.

"मुद्दाम कोण लावेल, काका?" अन्वर म्हणाला. पेट्या बसवल्यापासून आवाजाबद्दल एकही तक्रार नाही, हेही त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी पिशवीत घातली आणि कोल्हापूरची एसटी पकडली. तिथून दुसरी, घाट उतरून कुडाळ. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की सगळं सरळ आहे, यंत्राची चूक आहे, ताईला सांगितलं की ती हसेल. संध्याकाळी चारच्या सुमारास तिच्या दारात उभा राहिलो. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास?"

एक शब्द. तो अर्धा आवाजात होता आणि अर्धा नुसता वारा. कोरड्या नळातून येतो तसा. इतके महिने तिचं बोलणंही मी पेटीतूनच ऐकत होतो. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि मला पाणी प्यावंसं वाटलं.

आत गेल्यावर मी यंत्राबद्दल सांगायला लागलो. तिने हाताने थांबवलं. तिला आधी तिचं सांगायचं होतं, आणि ते तिने त्याच फुटक्या आवाजात, मधे मधे श्वास घेत सांगितलं. गेल्या दिवाळीपासून वरचे सूर तुटायला लागले होते. श्वास पुरेना. स्वतःचं गाणं माणूस हाडांतून ऐकतो, त्यामुळे खरंच बिघडलंय की वयाचे, मनाचे खेळ, हे तिला ठरवता येईना. शिकणाऱ्या मुली बाईंना काय सांगणार? शेजारी म्हणाले, हवा बदललीय. डॉक्टरकडे जायची तिला भीती वाटत होती. म्हणून तिने मनाशी ठरवलं की शिरीष, म्हणजे मी, ज्या गुरुवारी सांगेल त्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं. आणि दर गुरुवारी शिरीष म्हणत होता, आज काही नाही.

"मला वाटलं, तुला कळतंय," ती म्हणाली. "बहिणीला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीस. मग भूपात मध्यम लावला. तीनदा, शिरू. शेवटचा तर श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. तेव्हा कळलं की तू ऐकतच नाहीस."

आयुष्यात मला कुणी इतकं वाईट काही बोललेलं नाही, आणि तिच्या बाजूने ते शंभर टक्के खरं होतं. मी यंत्र, वर्णन, आठवण, सगळं परत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा बदलला नाही. यंत्राने मध्यम खाल्ला, असं म्हणणारा भाऊ तिला समोर दिसत होता. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारा. तिच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

मग मी अन्वरला फोन करून तिची लाइन दहा मिनिटं फक्त माझ्या पेटीपुरती सुरू करायला सांगितली. पेटी स्वयंपाकघरात ठेवली, तिला तिच्याच जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर जोडला. ताईला पुढच्या खोलीत तिच्या माइकसमोर बसवलं. म्हटलं, भूपच गा. मध्यम लाव. मग थांब. गाणं बोलण्यासारखं लगेच येत नाही; इथून सावंतवाडी आणि तिथून परत, अकरा सेकंद लागतील.

ती गायली. एका हाताच्या अंतरावर बसून मी सहा महिन्यांनी माझ्या बहिणीचा खरा आवाज ऐकत होतो. गंधारावर तो फाटला. पंचमावर हवा सुटली. मध्यम तिने लावला, ठसठशीत, माझ्याकडे बघत. मग ती थांबली. घड्याळाचा काटा फिरत राहिला.

स्वयंपाकघरातून आवाज आला. भरलेला, गोल, पन्नाशीतला. गंधार अखंड. पंचमावर क्षणाची विश्रांती, आणि तिथून मध्यमाला स्पर्शही न करता, अलगद गंधारावर उतरून पुन्हा षड्जाला. तंबोरा तर अत्तरासारखा.

ताई उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. आवाज थांबल्यावरही उभी राहिली. तिचा राग गेलेला मला पाठीवरूनच कळला, पण त्या जागी काय आलं ते कळेना.

"किती छान गाते ही," ती म्हणाली.

मग ती परत येऊन माझ्यासमोर बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "आता सांग."

मला सांगायचं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायला मी पन्नास वर्षं पटाईत होतो. समोर बसून हे सांगणं वेगळं होतं. मी रडत होतो हे मला नंतर कळलं. म्हटलं, ताई, सुरातून हवा गळतेय. गळ्याची एक बाजू मिटत नाहीये. हे वय नाही. उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जायचं.

तिने लांब श्वास सोडला. "दिवाळीपासून वाट बघत होते मी याची," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंच्या जोडीतला डावा हलत नव्हता. त्याला हलवणाऱ्या शिरेवर कंठग्रंथीतली गाठ दाबून बसली होती. गाठ काढली, ती वाईटाकडे झुकलेली होती पण पसरली नव्हती. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले. बोलणं बरंचसं येईल. गाण्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले की चार-पाच महिने आधी आला असतात तर मी वेगळं सांगितलं असतं. ते हे अगदी सहज म्हणाले. ज्योत्स्ना माझ्या शेजारी होती, तिने माझा हात घट्ट धरला, कारण तिला माहीत होतं की हे वाक्य मी आयुष्यभर मोजत बसणार आहे. ताईची मी त्याबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, मी तुझ्या कानांवर डॉक्टरचं काम टाकलं, त्याची क्षमा मी कुणाकडे मागू? त्यानंतर हा विषय तिने मला काढू दिलेला नाही.

भाद्रपदात अन्वर तिला भेटायला आला. त्या दिवशी मी तिथेच होतो. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने चाचरत एक तोड सुचवली. बाईंनी नुसतं गुणगुणलं तरी चालेल. कुठे जायचं, किती थांबायचं, ते पेटीला कळलं की पुरे; आवाज तिच्याकडे आहे. गुरुवार चालू राहतील. ऐकणाऱ्यांना फरक कळणार नाही. त्याला फक्त ताईचा होकार हवा होता.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोललो नाही. म्हटलं, मला तो आवाज हवाय, ताई. हॉलमध्ये तो ऐकताना मला किती बरं वाटायचं ते तुला सांगता येणार नाही. उद्या बंद झाला तर मला पोरकं वाटेल.

"मग तू ऐक," ती म्हणाली. "तुझ्या पेटीत आहे तेवढा ऐक. पण थेट म्हणून नको. थेट म्हणजे मी आत्ता जशी आहे तशी." मग ती अन्वरकडे वळली आणि पेटीची भर बंद करून, जसा आहे तसा आवाज पाठवता येईल का, असं विचारलं. अन्वर म्हणाला, येईल, पण वाट अरुंद आहे, तुटेल, खरखरेल. आणि बाई, लोक ऐकणार नाहीत.

"एक गुरुवार," ताई म्हणाली.

तो गुरुवार आश्विनातला होता. मी साताऱ्यात, हॉलमध्ये, चिकटपट्टीच्या खुणांमध्ये. सातला निवेदन झालं की आजचा आवाज कोणतीही भर न घालता येत आहे. निवेदन कोण ऐकतं? मग ताई गायली. मधल्या सप्तकातले जेमतेम पाच-सहा सूर तिला उरले होते, आणि भूपाला तेवढे पुरतात. आवाज कधी होता, कधी नुसता श्वास होता. दोन वेळा मधेच सगळं गेलं आणि परत आलं. माझे एवढे मोठे स्पीकर, पण त्यांतून तिच्या घरावरून गेलेली एक रिक्षा जास्त स्पष्ट ऐकू आली. बारा मिनिटांत तिने एक बंदिश संपवली. ज्योत्स्ना डोळे पुसत होती. मी वही घेऊन बसलो होतो.

साडेसातपर्यंत 'स्वरवेळ'कडे दोनशे चौदा तक्रारी आल्या. पेट्या बसवल्यापासूनच्या पहिल्या. अन्वरला त्या ताईला दाखवायच्या नव्हत्या, पण तिने मागून घेतल्या. आठ वाजता तिने मला साध्या फोनवर त्या वाचून दाखवल्या. तिच्या वाऱ्यासारख्या आवाजात, एकेक. आवाज घोगरा येतोय, तपासा. तंबोरा मागे पडलाय. गायिका बदलली का? माझे स्पीकर महागाचे आहेत, दोष तुमच्याकडचा आहे. पंचम दर वेळी खाली बसतोय. वाचता वाचता ती हसायला लागली, आणि तिचं हसणं आता नुसती हवाच असते, पण मला ते कळलं.

"दोनशे चौदा जणांनी खोट काढली, शिरू," ती म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा लोकांनी ऐकलं."

मग तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "आता तू सांग."

मी वहीत बघितलं. तिच्या आवाजाबद्दल त्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. आवाजात खोट नव्हती, तो तसाच होता. खोट दुसरीकडे होती.

"अंतरा संपवून समेवर येताना घाई केलीस," मी म्हटलं. "अर्धी मात्रा आधी आलीस."

फोनवर खरखर होती. मला वाटलं, लाइन तुटली.

"हो," ताई म्हणाली. "झाली खरी घाई."